ड्रायव्हर कुठे झोपणार?

डिंडोली

सार्डिनियाहून, म्हणजे इटलीच्या एका बेटावरून, सुरतेला डिंडोलीत परत आल्यापासून सोसायटीतल्या बायका मला एकच विचारतात, "बाई, काय काय पाहिलं?" मी शाळेत शिकवत होते म्हणून सगळ्या मला बाई म्हणतात आणि बाईंना सगळं नीट सांगता येतं, असा त्यांचा समज आहे. मला मात्र अजून नीट सांगता येत नाही. समुद्र पाहिला, डोंगर पाहिले, मेंढ्या तर इतक्या पाहिल्या की शेवटी मान वळवायचाही कंटाळा आला. तरी कुणी नकाशा पुढे धरून विचारलं की कुठून कुठे गेलात, तर माझं बोट थेट समुद्रात जातं. म्हणून लिहायला बसले आहे. लिहिताना तरी गुंता सुटेल असं वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा माझ्यासारखा गोंधळ होणार नाही. आमची एकुलती एक मुलगी पल्लवी कापडाच्या डिझाइनचं शिकायला इटलीत गेली आणि तिकडेच नोकरीला लागली. तिनं आम्हाला त्या बेटावर नेलं ते तिनं पसंत केलेला मुलगा दाखवायला. आणि आम्ही नवराबायको त्याला गाडीचा ड्रायव्हर समजून बसलो. हसू आलं तर हसा. दोन वर्षांपूर्वी तिनं फोनवर चाचरत हा विषय काढला होता, तेव्हा तिच्या आप्पांनी, म्हणजे आमच्या यांनी, "हेच बोलायचं असेल तर फोन करू नको," म्हणून फोन ठेवला होता. कितीतरी महिने बापलेकीत शब्द नव्हता. पुढे बोलणं सुरू झालं, विषय मात्र कायमचा बंद. या वेळी पुन्हा तुटलं असतं तर सांधता आलं नसतं, हे पल्लवीला पक्कं ठाऊक होतं. मला एवढंच कळत होतं की पोरगी बोलावते आहे आणि आपल्याला जायचं आहे.

एका रविवारी दुपारी तिनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "आई, हॉटेलं नाही घ्यायची. कॅम्पर व्हॅन घेऊ आणि बेटाला चक्कर मारू." सुरतेत कॅम्पर म्हणजे दुकानात येणारा थंड पाण्याचा जार. त्यामुळे मला वाटलं, पाण्याची काही तरी सोय सांगते आहे. मग तिनं फोटो दाखवला. गाडीतच पलंग, गाडीतच गॅस, गाडीतच मोरी, आणि एका बारक्या दाराआड संडास! स्वयंपाक आणि संडास यांच्यामध्ये हातभराचं अंतर. मी म्हटलं, "हे असं चालतं का तिकडे?" ती म्हणाली, "चालतं आई, म्हणूनच तर चाकं लावलीत." हे मात्र फोटो पाहून खूश झाले.

यांनी जन्मभर टेम्पो चालवला. बमरोलीच्या लूमवरून कापडाचे तागे उचलायचे आणि रंगाई-छपाईच्या मिलमध्ये पोचवायचे. शिवाय दर वर्षी सोसायटीतली माणसं भरून सप्तशृंगीच्या गडावर न्यायचे तेही हेच. वाटेत कुठे थांबायचं, पाणी कुठे मिळेल, भरीत कुठे भाजायचं, सगळं यांच्या तोंडावर. तेव्हा प्रवासाची आखणी हा आपलाच प्रांत आहे असं धरून यांनी पल्लवीची उलटतपासणी सुरू केली. स्टेपनी आहे का? पाणी कुठे भरायचं? मुक्काम कोणाच्या दारात? पल्लवी उत्तरं देत गेली. शेवटी यांनी आपल्या खानदेशी अहिराणीत विचारलं, "आनि ड्रायव्हर कोठे झोपी?"

"ड्रायव्हर?" पल्लवी म्हणाली.

"मंग गाडी काय आपोआप चालस का?"

आमच्याकडे गाडी ठरवली म्हणजे ड्रायव्हर आलाच. गाडी एकटी कधी कुणी ठरवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पल्लवीनं स्क्रीनवरून नजर काढली. मग म्हणाली, "गाविनो चालवेल, आप्पा. तो तिकडचाच आहे. रस्ते माहीत आहेत त्याला."

"चांगलं शे. पन तो झोपी कोठे?"

"आतच, आप्पा. सगळ्यांनी आतच झोपायचं आहे." आणि स्क्रीन काळा झाला. मी म्हटलं, नेटवर्क गेलं. नेटवर्क गेलं नव्हतं, तिनंच फोन बंद केला होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. खरं सांगायला तोंड उघडलं होतं म्हणे, आणि बोट लाल बटणावर गेलं.

इकडे यांच्या डोक्यात ड्रायव्हरच बसला. यांनी एकदा एका शेठच्या कुटुंबाला देवदर्शनाला नेलं होतं. सगळी मंडळी धर्मशाळेत गादीवर आणि हे टेम्पोच्या टपावर. जेवायच्या वेळी यांची आठवण सगळ्यांच्या हात धुऊन झाल्यावर. ते यांच्या मनातून कधी गेलंच नाही. "आपला ड्रायव्हर पहिले जेवी," यांनी जाहीर केलं, "आनि गादीवर झोपी." पण बायामाणसं असलेल्या गाडीत परका पुरुष झोपणार कसा, हाही प्रश्न होताच. त्यावर यांचा तोडगा असा की हे आणि ड्रायव्हर पुढे, आम्ही मायलेकी मागे, आणि मध्ये पडदा. पडद्यासाठी मी एक जॉर्जेटची साडी घेतली आणि दोन्ही टोकांना नाड्या शिवल्या. सुरतेत राहून पडद्याला कापड शोधावं लागलं तर काय उपयोग! बॅगेत कळण्याच्या भाकरीचं पीठ, ज्वारीच्या पापडासारखे बिबडे, काळा मसाला, शेव, सगळं भरलं. हे भरताची वांगीसुद्धा घेणार होते, मी ती बाहेर काढली.

इकडे पल्लवी फोनवर रोज नवं काही सांगायची आणि मी आधीचं विसरायची. बेटाला चक्कर म्हणजे उजवीकडून की डावीकडून? गाडी कुठेही लावून झोपता येत नाही, ठरलेल्या जागीच लावायची. मग फिरायला गाडी आहे की गाडी लावायला फिरायचं आहे? मला काही केल्या उमगेना. निघायच्या दिवसापर्यंत मी हो हो म्हणत राहिले.

काल्यारी

विमान काल्यारीला उतरलं तेव्हा खाली उथळ पाण्यात गुलाबी पक्षी उभे दिसले. विमानतळाच्या दारात पल्लवी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. तिच्या मागे तो उभा होता. उंच, किडकिडीत, मान उन्हानं भाजलेली, दाढी वाढलेली. त्यानं हात जोडून "नमस्ते" म्हटलं आणि यांच्या हातातली बॅग अशी घाईनं घेतली की जणू ती पळूनच जाणार होती. हे माझ्या कानाशी म्हणाले, "ड्रायव्हर चांगला शे. नम्र शे." मीही मान डोलावली.

गाडी फोटोत होती त्यापेक्षा लहान होती, पण स्वच्छ. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळ्यासारखा पलंग, मागे एक पलंग, मध्ये टेबल, त्याचंही म्हणे अंथरूण होतं. पल्लवी पुढच्या सीटकडे वळली तर हे तिच्या आधी चढून बसले. ड्रायव्हरजवळ बसणारा माणूस जागा पाहिजे, त्याच्याशी बोलत राहिलं पाहिजे, नाहीतर त्याला डुलकी लागते, हा यांचा जुना नियम. पल्लवीचा चेहरा पडला. मला वाटलं, आप्पांनी खिडकी घेतली म्हणून रुसली. वय वाढलं तरी पोर ती पोरच.

तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात. समोरून गाडी आली की यांचा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबायचा. गाविनोला ते दिसलं आणि तो हसला. मग त्याच्याशी यांचं बोलणं सुरू झालं, हे हिंदीत, तो इटालियनमध्ये. क्लच, गिअर, डिझेल, टायर या शब्दांवर दोघांचं कसं जमलं देव जाणे. तासाभरात हे त्याला 'गाविनभाई' म्हणायला लागले. पल्लवी मागे माझ्याशेजारी बसून दुपट्ट्याचं टोक चावत होती.

पहिला मुक्काम एका ऑलिव्हच्या बागेत. बागवाल्यानं गाड्यांसाठी जागा केली होती, नळ होता, वीज होती. मी शेवभाजी केली. ठरल्याप्रमाणे यांनी पहिलं ताट गाविनोला दिलं. तो ताट समोर घेऊन नुसता बसून राहिला. हे म्हणाले, "खा, खा." तो हसला, पण हात लावीना. हे पुन्हा म्हणाले, त्यानं पुन्हा मान हलवली. भाजी निवून तवंग धरला. यांना वाटलं, तिखट बघून घाबरला. मला वाटलं, आमच्या हातचं त्याला चालत नसेल, आणि वाईट वाटलं. शेवटी पल्लवी म्हणाली, "आप्पा, यांच्याकडे सगळे बसल्याशिवाय कुणी घास घेत नाही. तुम्ही बसा, मग तो जेवेल." हे बसले, मी बसले, तेव्हा कुठे त्यानं पाव मोडला. पाव कसला, पापडासारखी कुरकुरीत, ताटाएवढी पातळ पोळी. ती त्यानं रश्श्यात बुडवली, खाल्ली, आणि त्याच्या कपाळावर घाम आला. डोळे पुसत त्यानं पुन्हा वाटी पुढे केली. यांना कोण आनंद! "माणूस शे," म्हणाले.

झोपताना मी साडीचा पडदा बांधला. गाविनोनं त्याच्याकडे पाहिलं, पल्लवीकडे पाहिलं, आणि काही न बोलता एक नाडी घट्ट करून दिली.

ओरिस्तानोच्या पुढे

दुसऱ्या दिवसापासून समुद्र डावीकडे आणि आम्ही वर. मध्येच समुद्र उजवीकडे आला, तेव्हा मी घाबरून विचारलं की आपण परत चाललो का. ते तळं होतं. ओरिस्तानोच्या पुढे एक किनारा लागला तिथली वाळू म्हणजे तांदळाची कणीच. पांढरी, गुलाबी, दाणा न् दाणा वेगळा. आमच्याकडे तीर्थाहून, समुद्राहून काही तरी आणायचं म्हणून मी थोडी पदराच्या टोकाला बांधली. गाविनोनं ते पाहिलं. तो जवळ आला, दोन्ही हात जोडले आणि गाठ सोडायची खूण केली. पल्लवीनं सांगितलं, इथली वाळू नेणं गुन्हा आहे, सगळेच चिमूट चिमूट नेत राहिले तर किनाराच उरणार नाही. मी गाठ सोडली. पण मनात म्हटलं, ड्रायव्हर असून मालकिणीला शिकवतो. मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं, कुणाचं ऐकून घ्यायची सवयच नाही मला.

आता ते संडासाचं. ते लिहायचं की नाही हा प्रश्न होता, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाडीच्या संडासाखाली एक बंद डबा असतो. तो भरला की बाहेरून ओढून काढायचा आणि ठरलेल्या जागी नेऊन रिकामा करायचा. ही व्यवस्था पल्लवीनं फोनवर सांगितली होती, पण मी तिथेही हो हो म्हटलं असणार. त्या सकाळी मी बाहेर खुर्चीवर चहा पीत होते आणि गाविनो तो डबा घेऊन चालला होता. माझ्याकडे पाहून त्यानं मान लववली. जागेवर जाऊन त्यानं तो ओतला, नळाखाली धुतला, पुन्हा धुतला, आणि काल्यारीपासून रोज करत आला असावा अशा सहजपणे परत आणून बसवला. मी कप खाली ठेवला. आम्हा तिघांचं ते सगळं! कुठल्या गाडीचा कुठला ड्रायव्हर हे करतो? पैसे कितीही द्या, करणार नाही, आणि त्यानं करूही नये. हे घरातलं माणूस करतं. आजारपणात करतं, म्हातारपणात करतं.

मी पल्लवीकडे पाहिलं. ती दारात उभी होती आणि माझ्याकडे नव्हती बघत, त्याच्याकडे बघत होती. ते बघणं मला ओळखता येतं.

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि मग मला यांना सांगावं लागलं असतं. माझी चूक होत असेल तर फजिती, आणि बरोबर असेन तर त्याहून मोठी फजिती. त्या दिवशी समोरून काय काय गेलं मला आठवत नाही. पुढच्या सीटवर हे गाविनोला गडाच्या घाटातली वळणं हातानं दाखवत होते, तो मान डोलवत होता, दोघं हसत होते. मला ते बघून बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं. कळल्यावर हे काय करतील? पोरीला तिथेच सोडून मला घेऊन विमानतळाकडे चालू लागतील का? यांचा स्वभाव तसा आहे. राग आला की चपला घालतात.

बोसा

बोसा हे नदीकाठचं गाव. डोंगरउतारावर एकावर एक घरं आणि प्रत्येक घराचा रंग वेगळा. आमची गाडी गावाबाहेर नदीजवळच्या एका मोकळ्या जागेत लावली होती. सप्टेंबर होता, पण गवत वाळून कोरडंठाक झालेलं आणि वारा सुटलेला. सकाळी बाजारात यांना जांभळी मोठी वांगी दिसली होती आणि ती पाहून हे हरखले होते. गाविनोला खानदेशी भरीत खायला घालायचं यांनी तिथल्या तिथे ठरवलं. गॅसवर भाजलेलं भरीत यांना भरीत वाटत नाही. काड्यांवरच भाजलं पाहिजे.

मी आणि पल्लवी गाडीत भांडी घासत होतो. गाविनो पाणी भरायला गेला होता. यांनी गाडीमागे दोन दगड मांडले, वाळक्या काड्या गोळा केल्या, वांग्यांना तेल लावलं आणि काडी ओढली. गडाच्या पायथ्याशी, नदीकाठी, रस्त्याकडेला यांनी हे आयुष्यभर केलं आहे. त्यात विचारायचं ते काय?

धुराचा वास आला तसा एक आरडाओरडा ऐकू आला. आम्ही बाहेर धावलो. गाविनो हातातला पाण्याचा कॅन घेऊन पळत येत होता. त्यानं कॅन दगडांवर उपडा केला, बुटानं काड्या पांगवल्या, निखारे तुडवले, वांगी लाथेनं उडाली. आणि तो यांच्यावर ओरडला. काय ओरडला ते कळलं नाही, पण आवाज फाटला होता, ओठ पांढरे पडले होते. हे वांग्यासारखेच काळेनिळे होऊन उभे. ड्रायव्हर आपल्यावर ओरडतो!

पल्लवी मध्ये पडली. तिनं त्याचा दंड धरला, त्याच्या छातीवर हात ठेवला आणि काही तरी हळू बोलत राहिली.  मग त्यानं यांच्याकडे पाहिलं आणि आमच्याच भाषेतला एक शब्द म्हणाला, "आप्पा." पुढे म्हणाला, "सॉरी."

यांनी त्या हाताकडे पाहिलं, जो अजून त्याच्या छातीवर होता.

पल्लवीनं आधी विस्तवाचं सांगितलं. उन्हाळाभर आणि पुढेही त्या बेटावर उघड्यावर काडी ओढायला बंदी असते. एका ठिणगीनं डोंगरच्या डोंगर पेटतात. गाविनोच्या गावचं रान असंच जळलं होतं आणि त्याच्या काकाच्या मेंढ्या त्यात गेल्या. तो लहान असताना त्यानं ते पाहिलं होतं. एवढं सांगून ती यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "आप्पा, हा ड्रायव्हर नाही."

"ते दखाय ऱ्हायनं माले," हे म्हणाले. दिसतंय मला. मग माझ्याकडे वळून, "तुले माहीत व्हतं?"

"कालपासून शंका आली होती," मी म्हटलं. खोटं बोलून काय करणार?

हे चपला घालून नदीकडे चालू लागले. मी मागे गेले नाही, पल्लवीलाही जाऊ दिलं नाही. गाविनो वाकून एक एक निखारा पाण्यानं विझवत होता, विझलेलाही पुन्हा विझवत होता. मला त्याच्याशी बोलायचं होतं, पण कुठल्या भाषेत आणि काय? मी सप्तशृंगीला मनातल्या मनात हात जोडले. माझी पोर माझ्यापासून तुटू देऊ नको, म्हटलं.

खूप वेळानं हे परत आले. पल्लवीसमोर उभे राहिले. "मी हा बी म्हनत नही, ना बी म्हनत नही. आपला रिवाज शे, पोरगी देवाना पहिले घर दखतस. त्याले सांग, घर दखाड."

पल्लवीनं सांगितलं. मला वाटलं होतं की दोघांचे चेहरे खुलतील. ते एकदम उतरले. का, ते मला कळेना.

डोंगरात

बेटाची चक्कर तिथेच मोडली. समुद्र पाठीमागे टाकून गाडी आत, नुओरोच्या बाजूच्या डोंगरात शिरली. बाटलीची बुचं ज्यांच्या सालीची करतात ती झाडं होती, साल सोललेली, खालून लाल. रस्त्यावर मेंढ्या आल्या की गाडी बंद करून थांबायचं. 

गाव दगडी, उतरतं. नाक्यावरच्या बाकावर म्हातारे बसले होते, त्यांनी आम्हाला ज्या नजरेनं पाहिलं ती नजर डिंडोलीच्या ओट्यावरही रोज बघायला मिळते. कोण आले, कोणाकडे आले, का आले? गाविनोची आई दारात होती. वडील नाहीत. काळा झगा, पांढरे केस मागे बांधलेले, पीठ लागलेले हात. तिनं यांना सगळ्यात चांगली खुर्ची दिली. आत भट्टी पेटलेली होती आणि तिथे ती पातळ पोळी भाजली जात होती. भट्टीत गेली की टम्म फुगायची, मग ती सुरीनं कडेनं कापून दोन पदर सुटे करायची आणि पुन्हा भाजायची. माझी आई मांडे करायची तेव्हा आम्हाला जवळ येऊ द्यायची नाही. ही बाईही गाविनोला कोपरानं मागे सारत होती. कॉफी आली, मेंढीच्या दुधाचं चीज आलं. मला ते घर आवडलं.

मग तिनं गाविनोला काही तरी विचारलं. त्यानं खाली बघून उत्तर दिलं. पल्लवीचे कान लाल झाले.

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

पल्लवीनं कपाची कड पुसली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "ती विचारतेय, हे लोक अजून किती दिवस गाडी ठेवणार आहेत."

 मग तिनं सगळं सांगितलं. गाविनोनं घरी सांगितलं होतं की एका इंडियन कुटुंबाची गाडी चालवायचं काम मिळालं आहे. पल्लवीचं नाव त्या घरात कधीच निघालं नव्हतं. त्याचा मोठा भाऊ परदेशी गेला तो परत आला नाही, आणि हाही इंडियात निघून जाईल या धास्तीनं आई आजारी पडेल, असं त्याला वाटत होतं. मी त्या बाईच्या पिठाच्या हातांकडे पाहिलं. मला गेली दोन वर्षं ज्याची भीती वाटत होती तीच तिची भीती. तिला ते अजून माहीत नव्हतं, एवढाच फरक.

यांचं मात्र डोकं फिरलं. दोन वर्षं जो माणूस या लग्नाचं नाव काढू देत नव्हता, तो खुर्चीतून उठून उभा राहिला. "म्हंजे? आमनी पोर काय चोरीना माल शे का, लपाडाले? काय कमी शे तिनामा? शिकेल शे, कमावस, चार भाषा बोलस!" गाविनो भिंतीला टेकला. त्याची आई भट्टीपासून वळून बघायला लागली, हातात पोळी तशीच.

"आप्पा, हळू," पल्लवी म्हणाली.

"हळू कसाले? सांग तिले. मी पोरगीना बाप शे. सुरतहून उनू. मी गाडी ठेवनारा नही, पोरगी दखाडाले उनू."

पल्लवीला स्वतःबद्दल हे सांगवेना. तिचे डोळे भरून आले होते. शेवटी तिनं रडत रडत ते गाविनोला इटालियनमध्ये सांगितलं. आणि गाविनोनं आईला सांगितलं ते तिसऱ्याच भाषेत, कारण त्यांच्या घरातली बोली वेगळी, इटालियन शाळेतलं आणि ऑफिसातलं. आमच्यासारखंच. यांची अहिराणी अशी दोन उंबरे ओलांडून त्या बाईपर्यंत पोचली. पोचेपर्यंत मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसले.

तिनं पोळी खाली ठेवली. हात झग्याला पुसले. पल्लवीसमोर आली आणि तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिची हनुवटी उचलून पाहिली. माझ्याकडे पाहिलं. यांच्याकडे पाहिलं. गाविनोला मात्र तिनं पाहिलंही नाही. मग ती बोलली, थोडंच बोलली, आणि ते पुन्हा त्याच दोन उंबऱ्यांवरून उलट आलं.

"ती म्हणते," पल्लवी म्हणाली, "मुलीचं घर मी पाहिलेलं नाही. पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही. ती सुरतेला येणार म्हणते."

मला वाटलं, आता हे भडकणार. हे खाली बसले. "बरोबर बोलनी बाई," म्हणाले, आणि चीजचा तुकडा उचलून तोंडात टाकला.

निघताना तिनं माझ्या हातात त्या पोळ्यांची चळत दिली, कापडात बांधलेली. मीही तिला काही तरी द्यायला हवं होतं, पण माझ्या पिशवीत बिबडेच होते. तेच दिले. कसे तळायचे ते मी हातानं दाखवलं, तिला कळलं की नाही ठाऊक नाही.

गाडी घाट उतरायला लागली. अर्धं बेट बघायचं राहिलं होतं, आणि काही ठरलंही नव्हतं. 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही, या गोंधळात मी कधी खिडकीतून बाहेर, कधी पल्लवीकडे बघत होते. तिचा चेहरा मला वाचता येत नव्हता. हे पुढे बसून बोटांवर काही तरी मोजत होते. मग मागे वळले.

"अवं, घरले रंग देना पडी आते."

मी म्हटलं, "देऊ. कोणता द्यायचा?"

यांनी थोडा विचार केला. मग पल्लवीला म्हणाले, "पोरी, गाविनले इचार, त्यानी मायले कोनता रंग आवडस."